मानाची जिप्सी

दगडोबाला राग यायला कारण लागत नसे, हे खरं. चहात साखर कमी पडली तरी तो कप आपटायचा. पण या वेळी कारण होतं, आणि तेही चांगलं हातभर मोठं.

उदगीरला नळेगाव रस्त्यावर त्याचं गॅरेज. पत्र्याचं शेड, पुढं लिंबाचं झाड, झाडाखाली कायम दोन-तीन जुन्या जिप्स्या बोनेट उघडून उभ्या. त्या गाडीच्या कंपनीनं हात धुतले त्याला जमाना झाला, पण माळरानाला, डोंगरातल्या शेताला, चिखलाच्या वाटेला अजून तीच लागते. ती जिवंत ठेवायची तर दगडोबाकडं यावं लागतं. त्यातही ब्रेकचं काम. "इंजन कुणीबी चालू करतंय, गाडी उभी करणारा मिस्त्री पाहिजे," असं तो छाती ठोकून सांगायचा आणि लोक माना डोलवायचे.

आता तेच लोक मोबाइल पुढं करून हसत होते.

मोबाइलवर माळेवाडीचा पोळा होता. वेशीला आंब्याचं तोरण बांधलेलं, हलगी कडकडतेय, आणि बैलांच्या सगळ्यात पुढं झूल पांघरलेली, बोनेटवर गेरूचे ठसे उमटवलेली, आरशांना गोंडे बांधलेली हिरवी जिप्सी. जिप्सी तोरणाखाली आली, उताराला लागली, आणि थांबेचना. हलगीवाले बाजूला उड्या टाकतायत, तोरण तुटून हुडावर पडलंय, मागं किशनरावांचा खोंड दावं तोडून उधळलाय, आणि गाडी धाडदिशी मारुतीच्या पाराला जाऊन धडकली. मग दार उघडून गाडीचे मालक संगप्पा खाली उतरले. कपाळाला टेंगूळ, खांद्यावर आंब्याचा डहाळा. उतरले आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "त्या उदगीरच्या दगड्यानं माझा मान खाल्ला! ब्रेकचं काम केलं म्हनं! चोर हाय त्यो, चोर! कुनी जाऊ नका त्याच्याकडं!"

दगडोबानं ते एकदा पाहिलं. पुन्हा पाहिलं. 'चोर' या शब्दानं त्याच्या अंगाची लाहीलाही झाली. गॅरेजात खोलून ठेवलेली एक गाडी सकाळीच मालक टोचन लावून घेऊन गेला होता, का ते सांगितलं नव्हतं. आता कळलं. दुपारी देवणीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "मिस्त्री, पुढच्या हप्त्यात येतो म्हनलो होतो, पण जरा राहू द्या." राहू द्या! सतरा गावांच्या गाड्या याच हातांनी थांबवल्या, आणि आता राहू द्या!

"उचलली जीभ लावली टाळ्याला," दगडोबा शेडमध्ये एकटाच ओरडला. "थांबा आप्पा. थांबा जरा."

संगप्पांची ती जिप्सी त्याला स्वतःच्या घरासारखी माहीत होती. फौजेच्या लिलावातली. आली तेव्हा चॅसी गंजून पापड झालेली. दगडोबानं ती वेल्डिंग करून सरळ केली, कमानपाटे भरले, दोन्ही गिअर मोकळे केले. संगप्पांचं शेत डोंगराच्या पोटात, तिथं दुसरी गाडी चढत नाही. गेल्या साली त्यांचा सर्ज्या बैल म्हातारा होऊन गेला, त्याच्यामागं महिन्याभरात जोडीदार गेला, आणि आप्पांनी जाहीर केलं की आता ही जिप्सीच आपला बैल. नुसतं बोलले नाहीत. घराण्याच्या रीतीप्रमाणं सोमवारी बैल जुंपायचा नाही, म्हणून सोमवारी जिप्सीलाही किल्ली लावायची नाही. पाऊस असो, पाहुणा असो, सोमवारी गाडी गोठ्यात. दगडोबाला याचं हसू यायचं आणि कौतुकही वाटायचं. गाडीला असा मालक कुठं मिळतो?

पण माळेवाडीत पोळ्याचा मान संगप्पांच्या घराण्याचा. तोरणाखालून पहिली जोडी त्यांची, मग किशनरावांची, मग बाकीच्यांची. बैलच नाहीत म्हटल्यावर किशनरावांनी उचल खाल्ली, "ज्याच्या दावणीला बैल न्हाई त्याला कसला मान?" त्यावर पारावर बरीच बाचाबाची झाली, आणि शेवटी गाव म्हणालं, या साली जिप्सी तर जिप्सी, म्हाताऱ्याचं मन मोडू नका. म्हणूनच पोळ्याच्या आधी संगप्पा गाडी घेऊन दगडोबाकडं आले होते. "दगडोबा, माझी लाज तुझ्या हातात हाय. ब्रेक असा कर की तोरणाखाली पाय ठेवला की गाडी नंदीवानी उभी राहावी."

दगडोबानं चारी चाकांचं रबर किट बदललं होतं. पुढच्या डिस्क घासून पुसल्या, मागं नवे लायनर, नवं ब्रेक ऑइल, हवा काढून पायडल दगडासारखं कडक. आणि त्याच कामावर आता गाव थुंकत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं मोटारसायकलच्या डिक्कीत पाने भरले, एक नवीन रबर किट घेतलं, ब्रेक ऑइलचा डबा घेतला आणि माळेवाडीची वाट धरली. वाटेत राग होताच, पण रागाच्या खाली एक किडा वळवळत होता. मागच्या डाव्या चाकाच्या पाइपाचा नट आपण शेवटी आवळला ना? आवळला. का नाही आवळला? मध्येच फोन आला होता. आवळला, आवळला. आणि नसेल आवळला तर? मग आप्पा बोलले ते खरं ठरेल, आणि एखादा हलगीवाला मेला असता तर ते पाप आपल्या माथ्यावर. दगडोबा गाडीवरच स्वतःला म्हणाला, "माझी चूक निघाली तर पारावर उभा राहून थोबाडीत मारून घेईन. पण न्हाई निघाली तर सोडणार न्हाई."

जिप्सी अजून पाराला टेकूनच उभी होती. ब्रेक नसलेली गाडी हलवायची कुणाची छाती झाली नव्हती. बंपर आत गेलेला, झूल अर्धी लोंबतेय, गोंडे तसेच. पारावर बसलेल्या लोकांनी दगडोबाला ओळखलं आणि कुजबूज सुरू झाली. किशनराव तिथंच होते. धिप्पाड माणूस, मिशीला पीळ.

"या मिस्त्री," ते म्हणाले. "लई नाव गाजलं तुमचं."

"नाव कशानं गाजलं ते बगायलाच आलोय," दगडोबा म्हणाला आणि कुणाला काही न विचारता मागच्या डाव्या चाकाखाली शिरला. नट हातानं चाचपला. घट्ट. पाना लावून पाहिला. हलला नाही. पाइप कोरडा ठणठणीत, गळतीचा थेंब नाही.

त्याचा श्वास मोकळा झाला आणि राग दुप्पट झाला. चूक आपली नाही, तर मग कुणाची?

तो पुढं आला. पुढच्या चाकाच्या जाळीतून आत बघितलं आणि थबकला. डिस्क चमकत होती. नवीन डिस्क चमकते तशी नाही, तुपानं चमकते तशी. आत बोटं घातली, बाहेर काढली, नाकाशी नेली. तूप. तुपात हळद. दुसऱ्या चाकाला गेला, तिथंही तेच, आणि तिथं तर पाच बोटांचे पिवळे फराटे स्पष्ट उमटलेले.

"च्यामायला," दगडोबा हळूच म्हणाला.

बोनेट उघडलं. ब्रेक ऑइलच्या लहान टाकीचं झाकण काढायला गेला, ते निघेना. जोर लावून काढलं, तर झाकणाखालचं रबर पुरीसारखं टम्म फुगलेलं. टाकी काठोकाठ. वर तवंग, तवंगाला करडईच्या तेलाचा वास, आणि खाली तळाला पिवळाजर्द गाळ. त्या गाळानं मास्टर सिलिंडरचं बारीक भोक बुजलं होतं आणि तेलानं आतलं रबर सुजलं होतं. पुढची चाकं तुपानं घसरली, मागच्यांना दाबच पोचला नाही. वरनं उतार. मारुतीच्या पारानं वाचवलं म्हणायचं.

दगडोबाला सगळं एका झटक्यात कळलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी काय करतात ते या मुलखातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. खांदमळणी. जिथं वर्षभर जू बसतं ते बैलाचे खांदे तूप-हळदीनं, तेलानं चोळायचे, आणि त्याच्या कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. म्हाताऱ्यानं गाडीचे खांदे शोधले होते. जू कुठं बसतं? पुढच्या दोन चाकांच्या मधल्या दांड्यावर. मग तिथं चोळलं, जाळीतून हात घालून घालून चोळलं. आणि उरलेलं तेल?

उरलेलं तेल बैलाला पाजलं.

"काय निघालं मिस्त्री?" किशनरावांनी पारावरून उतरत विचारलं. त्यांना वास लागला होता. "सांगा की चारचौघांत. काय निघालं?"

दगडोबानं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. "आप्पाला बोलवा," तो म्हणाला.

आप्पांना बोलवायची गरज नव्हती. गाडीपाशी दगडोबा आलाय हे त्यांना कळलं होतं आणि ते तरातरा येतच होते. कपाळाला पट्टी, गळ्यात लिंग, डोळे लाल. मागं त्यांची बायको शांतम्मा, डोक्यावरचा पदर सावरत.

"कोणच्या तोंडानं आलास रे?" संगप्पा लांबूनच गरजले. "मान गेला माझा! चार पिढ्यांचा मान! तुला म्हनलो व्हतो ना, लाज तुझ्या हातात हाय म्हणून?"

"आप्पा, आधी हे बगा."

"काय बगायचं? नाचता येईना अंगण वाकडं! काम येत न्हाई तर सांगायचं!"

"बगा म्हनतो ना!" दगडोबा असा ओरडला की पारावरची कबुतरं उडाली. त्यानं टाकीचं झाकण संगप्पांच्या नाकासमोर धरलं. तेलाचा एक पिवळा थेंब त्यांच्या पांढऱ्या धोतरावर पडला. "हे ब्रेक ऑइल हाय व्हय? हे करडईचं तेल हाय! चाकाला तूप हाय! हळद हाय! मी हळदीकुंकू लावून ब्रेक बसवतो का आप्पा? कुनी घातलं हे?"

संगप्पांनी झाकणाकडं पाहिलं. पाहतच राहिले.  दगडोबाला तो चेहरा बघून कळलं की या माणसाला आत्ता, या क्षणीच उमगलंय. दोन दिवस ते मनापासून त्याला चोर समजत होते. पण आता उमगलं ना? मग बोला!

आप्पा बोलेनात. सगळा गाव गोळा झालेला. किशनरावांच्या मिशीखाली हसू फुटू लागलं. एका शब्दाची खोटी, आणि तोरणाखालचा पहिला मान कायमचा त्यांच्या दावणीला जाणार होता. हे संगप्पांना कळत होतं, गावाला कळत होतं, आणि दगडोबालाही कळत होतं. कळू दे. माझं नाव घालवताना मला कुणी विचारलं होतं का?

"म्या घातलं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. शांतम्मा बोलली होती.

"म्याच घातलं," ती पुन्हा म्हणाली, जमिनीकडं बघत. "ह्यांला ठाव न्हाई. मला काय कळतंय गाडीतलं. तेल कमी दिसलं, ओतलं."

किशनराव फसकन हसले. "घ्या! बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं." आणखी दोघं-तिघं हसले. कुणी तरी म्हणालं, जाऊ द्या, अव्वाची चूक झाली, मिस्त्रीची न्हाई. मिटलं.

मिटलं! दगडोबाला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. नाव धुऊन निघालं होतं. पाने गोळा करायचे आणि चालू पडायचं. पण त्यानं संगप्पांकडं पाहिलं. आप्पा मान खाली घालून उभे होते. बायको सगळ्या गावाचं हसू पदरात घेत होती आणि ते गप्प होते. परवा दगडोबाला पुढं केलं, आज बायकोला. वड्याचं तेल वांग्यावर काढायची या माणसाला सवयच लागली म्हणायची.

आणि मग दगडोबाचा जो भडका उडाला तो आधीच्या सगळ्या रागाहून मोठा होता.

"अव्वा, तुमी गप बसा!" तो म्हणाला. "आप्पा, वर बगा. माझ्याकडं बगा. तुमच्या घरात खांदमळणी कोण करतं?"

संगप्पा धोतरावरचा तेलाचा डाग चोळू लागले.

"मी विचारतोय, कोण करतं? महादेवप्पा, तुमी सांगा!"

महादेवप्पा म्हणजे संगप्पांच्या शेजारचे म्हातारे. ते पाराच्या कडेला काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांनी उगाच घसा खाकरला. "संगप्पाच करतो," ते म्हणाले. "पयल्यापासून. पोराला सुदिक हात लावू देत न्हाई. बाईमाणूस त्या दिवशी गोठ्यात जात न्हाई त्यांच्यात."

आता कुणी हसेना. सगळ्यांना ठाऊकच होतं की. ठाऊक असून हसले होते.

"ऐकलं?" दगडोबा संगप्पांच्या अगदी जवळ गेला. "मला चोर म्हनला. ठीक हाय, मी बाहेरचा. पण हिचं आयुष्य गेलं तुमच्या चुलीपुढं, आन् हिला गावासमोर येडी ठरवायला निघाला? मानासाठी? थू असल्या मानावर!"

संगप्पांचा हात उठला. वाटलं, आता मारणार. पण तो हात गाडीच्या पत्र्यावर गेला, पुढच्या चाकाच्या वर, आणि तिथंच राहिला.

"म्या चोळलं," ते पुटपुटले.

"मोठ्यानं."

"दगडोबा..."

"मोठ्यानं आप्पा! परवा किती मोठ्यानं बोलला व्हता! तेवढ्याच आवाजात. आन् तुमी काय बगता रे? काढा मोबाइल! परवा काढले व्हते ना? काढा!"

दोन-तीन मोबाइल बाहेर आले. संगप्पांनी डोळे मिटले. उघडले. आणि मग त्यांनी खरोखरच परवाच्या आवाजात सांगितलं. आवाज फाटला, पण सांगितलं.

"म्या चोळलं! चाकाला तूप म्या लावलं! तेल म्या ओतलं! सर्ज्याला चोळायचो तसं चोळलं, हात ऐकंना माझा! दगडोबाचं काम चोख व्हतं. त्याची चूक न्हाई आन् हिची बी न्हाई!" मग आवाज उतरला. "तूच म्हनला व्हतास रे, तेल बगत जा, कमी झालं की टाका."

"ब्रेक ऑइल म्हनलो व्हतो!" दगडोबा किंचाळला. "करडईचं न्हाई! उद्या पेट्रोल कमी झालं तर ताक ओताल!"

यावर एक जण हसला. दगडोबानं त्याच्याकडं असं पाहिलं की हसू जागेवरच विझलं.

किशनरावांनी संधी साधली. "चला, म्हंजे पुढल्या सालापासून पयला मान..."

"न्या!" शांतम्मा ताडकन म्हणाली. एवढा वेळ जमिनीकडं बघणारी बाई आता सरळ किशनरावांच्या डोळ्यात बघत होती. "न्या मान. गळ्यात बांधून घ्या. आमाला नगं." किशनराव मिशीवर हात फिरवत बाजूला झाले.

दगडोबानं शर्टाच्या बाह्या वर सारल्या. राग गेला नव्हता, पण गाडी समोर उभी होती आणि तिच्या पोटात तेल होतं, ते तसंच ठेवून जाणं त्याला जमणारं नव्हतं. चाकाला दगड लावले, चाकं काढली, डिस्क पेट्रोलनं धुतल्या, सिलिंडर खोलले. सुजलेलं एकेक रबर काढून तो पारावर मांडत गेला, लोकांना दिसावं म्हणून. टाकी धुतली, पाइप फुंकले, नवं किट बसवलं, खरंखुरं ब्रेक ऑइल ओतलं. कामभर तोंड चालूच होतं. खांदे म्हनं. बैल म्हनं. गाडीला आवतण देतंय म्हातारं.

शेवटी पाइपातली हवा काढायची राहिली. त्या कामाला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पायडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकामागचं निपल, म्हणजे हवा सोडायचं बारीक तोंड, सैल करायचं, हवा आणि घाण तेल बाहेर पडू द्यायचं, निपल आवळायचं, मग आतल्यानं पाय सोडायचा. मध्येच पाय सोडला तर हवा परत आत, मेहनत पाण्यात.

शांतम्मा पुढं झाली. "म्या बसते."

"तुमी न्हाई अव्वा," दगडोबा म्हणाला. "आप्पाला बसवा."

संगप्पा गुपचूप गाडीत चढले. दगडोबा चाकाखाली आडवा झाला. नळी लावली, नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडलं.

"दाबा."

संगप्पांनी दाबलं.

"धरा."

त्यांनी धरलं. निपल सैल झालं, नळीतून पिवळसर तेल बुडबुड करत बाटलीत आलं.

"सोडा. दाबा. धरा."

एक चाक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. गाव बघत होता. ज्या माणसाच्या शब्दावर पोळा सुटायचा तो माणूस चाकाखालून येणाऱ्या आवाजाबरहुकूम पाय हलवत होता. शेवटच्या चाकाला दगडोबानं निपल आवळलं. तेल स्वच्छ आलं होतं, बुडबुडा नव्हता. काम झालं होतं.

पण तो 'सोडा' म्हणाला नाही. तसाच पडून राहिला, पत्र्याच्या सावलीत, छातीवर पाना ठेवून. 'चोर' हा शब्द अजून कानात होता. राहू दे जरा.

वर संगप्पांचा पाय थरथरू लागला. गुडघ्याला कळ लागली असावी. त्यांनी एकदा खिडकीतून खाली पाहिलं, मग बायकोकडं पाहिलं.

शांतम्मा दाराला टेकून उभी होती. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण खालचा माणूस का गप्प आहे ते तिला बरोबर कळलं होतं.

"धरा," ती नवऱ्याला म्हणाली. "त्यो सोडा म्हनला न्हाई अजून."